उजव्या बाजूची जागा

एव्हेराल्दो खेडोपाडी फिरून रंगीत तसबिरींची कामं घ्यायचा. ब्राझीलच्या त्या कोरड्या मुलखात घरटी एक तरी तसबीर असायचीच. नवरा-बायको शेजारी शेजारी, गाल गुलाबी, कोट निळा. दोघांतलं एक मेलेलं असलं तरी काही अडायचं नाही. मेलेल्याचा ओळखपत्रावरचा फोटो घ्यायचा, जिवंत माणसाचा नवा काढायचा, की शहरातला चितारी दोघांना रंगात जोडून द्यायचा.

त्या दुपारी तो ओर्मेझिंदा म्हातारीच्या घरी पोचला, तेव्हा आतल्या खोलीचं दार कुणीतरी इवल्याशा मुठींनी बडवत होतं.

"नात आहे माझी," म्हातारी म्हणाली. "कोंडलीय. हिने नवऱ्यासोबतचा फोटो काढून दिला, की सोडते."

ही म्हणजे तिची सून, झुलेदे. नवरा लिंदोमार विहिरीत पडून मेला तेव्हा ती पोटुशी होती. आता तीन वर्षांच्या पोरीला घेऊन ती कायमची भावाकडे निघाली होती. शहरात जाणारा ट्रक दारात उभा होता.

"जिवंतपणी हाडं मोडली माझी त्याने," झुलेदे म्हणाली. "आता तसबिरीतही त्याच्याच शेजारी बसू?"

"नको बसू. पोर इथेच राहील."

एव्हेराल्दोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय ही सासू! पण धंदा तो धंदा. म्हातारीने दिलेल्या लिंदोमारच्या फोटोत उजेड ज्या बाजूने होता, त्याच बाजूने झुलेदेच्या तोंडावर यावा म्हणून त्याने खुर्ची खिडकीपाशी सरकवली. मागे पांढरी चादर ताणली. तिच्या उजवीकडे एका माणसाची जागा सोडली.

"हनुवटी जरा खाली. डोळे माझ्याकडे. श्वास सोडा... आणि खांदे सारखे ठेवा, बाई. उजवा खाली गेलाय."

तिने उचलला. तो पुन्हा खाली गेला.

"बाई, खांदा..."

"मी नाही हो खाली घेत..." ती खांदा वर रेटत म्हणाली. "जड झालाय..."

त्याने भिंगातून नीट पाहिलं. तिच्या झग्याच्या खांद्यावर चार खळगे पडले होते, कुणी बोटं रुतवावीत तसे. खोलीत शेवाळलेल्या पाण्याचा वास भरला होता. त्या गावात दोन वर्षं पाऊस नव्हता. दार बडवणंही थांबलं होतं.

"काढ," म्हातारी दातओठ खात म्हणाली. "काढ लवकर, मुडद्या!"

त्याने बटण दाबलं. म्हातारीने किल्ली भिरकावली. झुलेदेने दार उघडलं, पोर काखोटीला मारली आणि मागे न बघता ट्रककडे पळाली.

या बाईला त्या राक्षसाशी जन्माची जोडून द्यायचं पाप आपल्या हातून नको, असं एव्हेराल्दोला वाटलं. त्याने कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि रीळ सरळ खिडकीतल्या उन्हात धरलं.

"अरेरे! बिघडला हो फोटो," तो साळसूदपणे म्हणाला.

म्हातारी मटकन खाली बसली.

"मेल्या, काय केलंस हे? तीन वर्षं माझ्या मानगुटीवर बसलाय तो. रात्र नाही, दिवस नाही. तसबिरीत तिच्याशेजारी बसव, मग भिंतीवर गप राहीन, असं कबूल केलं होतं त्याने मला."

तिने भीत भीत मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. मान मोकळी झाली होती.

"तिच्याशेजारी तर तो बसला..." ती पुटपुटली. "आता तसबीरच नाही, मग तो राहणार कुठे रे?"

बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. एव्हेराल्दो जिवाच्या आकांताने धावला. धुरळ्यात ठेचकाळत त्याने मागच्या फळीला हात घातला. बाकावर झुलेदे रुमालात तोंड खुपसून सुटकेचं रडत होती. तिचं लक्षच नव्हतं. पोर तिच्यापासून जरा लांब बसली होती, आणि तिचा हात मधल्या रिकाम्या जागेकडे ताणलेला होता.

"बाबा," बापाचं तोंडही कधी न पाहिलेली ती पोर मुसमुसत म्हणत होती, "हात सोडा ना... दुखतंय."