जरा लक्ष ठेवाल?

आधी ते मोबाइल पालथे घाला. गोष्ट ऐकायची तर अंधारात, नाहीतर सरळ झोपायला जा. आणि मध्येच 'खरंच का काका' विचारायचं नाही. खोटं सांगायला मला दिवस पुरतो, त्यासाठी रात्र लागत नाही.

माझ्या एका मित्राचा जावई. कादंबऱ्या लिहायचा, म्हणून सासरी त्याला लेखकराव म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर सुताराची ठोकठोक. बायकोचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला दोघांचाही जीव टांगणीला. पण डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडा आहे. मग तीच म्हणाली, जा, शेवटचं प्रकरण उरकून ये, बाळ आल्यावर कुठलं लिहिणं नि कुठलं काय.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार होता, अमावास्येचा. संध्याकाळी हा लॅपटॉप घेऊन निघाला. नेहमीचं दुकान बंद, म्हणून पुलापलीकडच्या कॉफीच्या दुकानात शिरला. तिथे सगळी लिहिणारी मंडळी. एक कप घ्यायचा आणि अख्खी संध्याकाळ खुर्ची अडवायची. मालक बिचारा काय बोलणार? याला तिथली एकच गोष्ट खटकली. अशा दुकानांत शेजारच्या टेबलाला सामान बघायला सांगून उठायची रीत असते. इथे मात्र जो तो हात धुवायला जातानासुद्धा लॅपटॉप, चार्जर, चष्म्याचं घर, सगळं काखेत मारून जायचा. काय संशयी लोक आहेत, हा मनात म्हणाला.

शेजारी खिडकीपाशी एक बाई लिहीत बसली होती. पन्नाशीची, राखाडी शाल घेतलेली. थोड्या वेळाने ती उठली.

"जरा लक्ष ठेवाल? आलेच मी."

"हो, जा की," हा मान वर न करता म्हणाला.

दुकानातली टकटक एकदम थांबली. सगळे याच्याकडे बघत होते. मग एकेकाने मान खाली घातली आणि टकटक पुन्हा सुरू झाली. याला लिहिण्याच्या नादात त्याचं काही वाटलं नाही.

प्रकरण संपलं तेव्हा दुकान रिकामं झालेलं. बाई आलीच नव्हती. खुर्चीवर तिची कापडी पिशवी. टेबलावर तिचा कप.

कपातून वाफ येत होती.

इतका वेळ झाला... तरी वाफ.

तेवढ्यात बायकोचा फोन. कळा सुरू झाल्या होत्या. शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन चालली होती. "तू ये," एवढंच ती म्हणाली. हा धडपडत उठला, तर समोर मालक.

"तुम्ही तिला हो म्हणालात?"

मग मालकाने दबक्या आवाजात सांगितलं. ती बाई रोज त्याच खिडकीशी लिहायची. एकदा शेजारच्याला सामान बघायला सांगून ती औषध आणायला गेली आणि रस्त्यात ट्रकखाली सापडली. हो म्हणणारा तिची वाट बघून कंटाळला आणि निघून गेला. पिशवी चोरीला गेली, आणि पिशवीबरोबर तिचं वर्षानुवर्षांचं लिखाण. तेव्हापासून ती येते. विचारते. नेहमीचे लोक उत्तर देत नाहीत.

"मागे एकजण हो म्हणून उठून गेला होता," मालक म्हणाला.

"मग?"

मालकाने याची खुर्ची पुढे ओढली. "बसा. ती येईपर्यंत बसा."

आता सांगा, बायको तिकडे कळा देतेय आणि हा बसणार? पण मघाचं ऐकून तसाच उठून जायची छातीही होईना. मग या शहाण्याने काय केलं? लक्ष ठेवायचं ना, मग बरोबर नेऊनच ठेवतो म्हणाला. पिशवी उचलली आणि पळत सुटला. मागून मालक ओरडला, "ती तिथे येईल हो..."

याने ऐकलं. थांबला नाही.

दवाखान्यात पोचला तेव्हा मुलगी झालेली. दोघी सुखरूप. हा लहान मुलासारखा रडला. पिशवी खाटेखाली ठेवली, तिच्या बंदावर पाय ठेवून बसून राहिला. रात्रभर जागा.

पहाटे डोळा लागला.

सकाळी मित्राबरोबर मीही बाळ बघायला गेलो होतो. पोहोचलो तर हा खाटेखाली वाकून बघतोय. पिशवी नव्हती. तोंडचं पाणी पळालेलं. बायको मात्र खुशीत.

"अरे, त्या बाई येऊन पिशवी घेऊन गेल्या. तू झोपला होतास. फार भल्या वाटल्या. म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याने शब्द पाळला."

याने सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा.

"मग बाळाला कितीतरी वेळ बघत बसल्या," ती म्हणाली. "उठताना म्हणाल्या, हिच्यावर जरा लक्ष ठेवाल? आलेच मी."

याने वळून बाळाकडे पाहिलं.

"तू... काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हो म्हटलं."

पाळण्याशेजारी स्टूल होतं. स्टुलावर एक कप.

मुलगी आता शाळेत जाते. हुशार आहे. तिला एक क्षण एकटी सोडत नाहीत, दोघांतलं एक कायम तिच्याजवळ. तो कप त्यांनी दोनदा नदीत टाकला. आता टाकत नाहीत, कपाटावर ठेवलाय. गेल्या रविवारी मी गेलो होतो, तेव्हा हात लावून पाहिला.

कॉफी अजून गरम आहे.