गव्हर्नरांचा सौना

मिक्केली प्रांत मोडीत निघाला तेव्हा राजधानीत कुणी नकाशावरची रेघ पुसली असेल. इकडे आमच्या डोक्यावरचं छप्पर धोक्यात आलं. गव्हर्नरांच्या सरकारी घराची राखण मी आणि माझा नवरा ओस्मो करायचो, फाटकाजवळची खोली त्यापायीच मिळालेली. तळ्याकाठचा सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आता तापवायचा नाही, तापवलात तर खोली सोडा, असा हुकूम आला.

तरी दर शनिवारी सौना गरम सापडू लागला.

माझा संशय ओस्मोवरच. झारच्या काळापासून गव्हर्नरांचा सौना त्याच्याच घराण्याने तापवला. असा माणूस गप्प बसेल? पाणी कुठे मुरतंय ते मला कळत होतं.

"माझ्याकडे काय बघतेस, हिल्का?" तो म्हणायचा. "किल्ली तुझ्याच खिशात आहे ना?"

जानेवारीत, आम्हाला ज्यात विलीन केलं त्या नव्या प्रांताचा साहेब चौकशीला आला, पार्तानेन. शनिवारी दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला.

"सवय सुटत नाही ना, काका?"

 ओस्मोला मी मुद्दाम साहेबासमोर बसवलं होतं.

खिडकीतून सौनाच्या धुराड्यातला धूर दिसला. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. "बघा साहेब, माझा माणूस इथेच आहे."

आम्ही तिघं तळ्याकडे उतरलो. दारापर्यंतच्या बर्फावर पाऊल नव्हतं. कुलूप मी उघडलं.

आत वाफ कोंदली होती. बादलीत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, भर हिवाळ्यात पानं कोवळी, हिरवीगार. वरचं बाकडं ओलं होतं, माणसं बसल्यासारखं. मध्ये एका माणसापुरती जागा कोरडी.

"कोण होतं इथे?" पार्तानेन कुजबुजला.

"पाहुण्यांचं झालं की तापवणाऱ्याने शेवटी आत जायचं, मगच सौना पुरा होतो, अशी रीत आहे," ओस्मो म्हणाला. "हुकूम आला त्या शेवटच्या शनिवारी मी गेलोच नाही. रागात निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि कुलूप लावलं."

त्याने टोपी माझ्या हातात दिली. शर्टाची बटणं काढू लागला.

मला खोलीची पर्वा उरली नाही. "ओस्मो, घरी चल. चल ना रे."

"ताटकळत ठेवलंय मी त्यांना, माझ्या बापाआजाला."

बाकडं करकरलं.

मधली कोरडी जागा जराशी रुंद झाली, कुणी सरकून बसल्यासारखी.