कन्हानच्या निळ्या काचेला तडा

रामदासपेठेतल्या नव्या हॉस्पिटलमध्ये इन्स्पेक्टर कौशल्या डोंगरे पोचल्या, तेव्हा दोन मजली काचचित्राला तडा गेला होता. गडद निळ्या काचेतून कन्हान नदी वाहत होती. तिच्या मधोमध, नदीहून रुंद, संस्थापक आनंदरावांचा चेहरा होता. तो शाबूत होता. कौशल्याबाईंना त्याचंच वाईट वाटलं.

आरोपी आनंदरावांनी आधीच पकडून ठेवला होता. पहारेकरी धोंडबा. काल सर्वांसमोर झापलं, म्हणून आज भरदुपारी त्यानं दगड मारला, असं त्यांचं म्हणणं. दगड बाहेर, काचेच्या पायथ्याशी होता.

"ह्या लोकांले कला काय समजते, मॅडम?"

"तुम्हाले समजते?"

"माहाच तर चेहरा आहे त्यात."

कौशल्याबाईंनी काच न्याहाळली. तडा चौकटीच्या कडेतून निघाला होता. टवका कुठंच नव्हता. मे महिन्याच्या उन्हात अंगण भाजत होतं, पण पायथ्याच्या फरशीच्या सांधी ओल्या होत्या.

"मॅडम, म्या काहून फोडू?" धोंडबा म्हणाला. "चोरी-फोडीचा डाग लागला तं मले पहाऱ्यावर कोन ठेवीन?"

काच रोज पहाटे ओल्या फडक्यानं पुसतो, असं त्यानं सांगितलं. चित्रकार सोनिकानं सर्वांना तशी ताकीदच दिली होती.

"आज कोणी धुतली?"

"कोणीच नाही," आनंदराव म्हणाले.

त्यांच्या काळ्या बुटांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळले होते. उद्घाटनासाठी बोलावलेला फोटोग्राफर साहिल कोपऱ्यात कॅमेरा पोटाशी धरून उभा होता. कौशल्याबाईंनी तो मागितला.

शेवटच्या फोटोत आनंदराव हातात पाइप घेऊन हसत श्रमदान करत होते. खांद्यामागं तडा नुकताच फुटत होता.

"निळी काच ऊन पिते," कौशल्याबाई म्हणाल्या. "तापलेल्या काचेवर तुम्ही गार पाणी मारलं. ती कडेपासून तडकली. दगडानं तडकली असती, तर मार बसला तिथं टवका उडाला असता. लोक हसतील म्हणून दगड तुम्हीच आणून ठेवला, अन् नाव याचं घेतलं."

आनंदरावांचा आवाज उतरला. "सोडून देतो ना त्याले. फोटो तेवढा पुसून टाका."

"फोटो राहील. खोट्या तक्रारीसाठी तुम्ही ठाण्यात चला."

"माह्या गाडीनं येतो."

"जीपमध्ये. मागं बसा."

धोंडबानं गेट उघडलं. जीप समोरून जाताना सवयीनं त्याचा हात कपाळापर्यंत गेला. तिथं त्यानं घाम पुसला.