उष्ट्या हळदीचा इफेक्ट

पनवेलच्या वडाळे तळ्याच्या कोपऱ्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर लागला होता, आणि त्या बॅनरला गाल लावून हेतल उभी होती. अगदी लावून नाही… पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच वाटावं इतकी जवळ. फोन लांब धरलेला, मान तिरकी, आणि तोंडाने पुटपुट चाललेली, "लाग ना… लाग गं बाई एकदाची!"

फोनच्या कॅमेऱ्यात बघितलं की डोक्यावर सशाचे कान येतात, गालांवर फुलं उमलतात, हे सगळं कोणीतरी डोकं खाजवत बसून केलेलं असतं. हेतल त्या 'कोणीतरी'पैकी होती. सध्या तिने हळदीचा इफेक्ट करायला घेतला होता. कॅमेऱ्यात जो चेहरा आधी येईल, त्याच्या गालांवर पिवळीधमक हळद. मग दुसरा चेहरा जवळ आला की तीच हळद वाहत जाऊन त्याच्या गालावर. लग्नात नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते ना, अगदी तशी. पण त्यासाठी चेहरे लागत दोन, आणि घरात भावाचं, प्रणितचं, लग्न. आईला बोलवावं तर ती पत्रिका वाटायला, चुलत बहिणी ब्लाउजं शिवायला. उरला होता हा बॅनर.

बॅनरवरच्या भावी नगरसेवकांनी काळा गॉगल घातलेला. कॅमेऱ्याला त्यांचे डोळेच दिसेनात. मग त्याने शोधत शोधत खालच्या शुभेच्छुकांच्या रांगेतला एक कोपऱ्यातला चेहरा पकडला आणि हेतलच्या गालावरची हळद सुर्रकन त्या चेहऱ्यावर गेली.

"लागली!" हेतलने उडीच मारली.

"अहो मॅडम…" मागून आवाज आला. "हळद लावायच्या आधी निदान विचारायचं तरी."

हेतल गर्रकन वळली. "कोणाला विचारायचं?"

"मला. तो मी आहे."

तिने बॅनरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच जाड भुवया, तोच जरासा बाहेर आलेला कान. फक्त हसणं फोटोत नव्हतं… आणि ते फोटोत असतं तर बरं झालं असतं, असं उगीचच तिच्या मनात येऊन गेलं.

"देवेश. चिरनेरचा. मागच्या गल्लीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे माझं. रांगेत एक जागा रिकामी राहिली होती, वाईट दिसत होती. म्हणून मीच जाऊन बसलो."

"म्हणजे ह्या दादांना तुम्ही ओळखत नाही?"

"तेही मला ओळखत नाहीत. वाढदिवस मात्र झकास झाला."

हेतलला हसू आवरेना. ती मुळातच कामाला चिकटली की लाजायचं विसरणारी. तिने सरळ विचारलं, "आता आलाच आहात तर उभे राहता? फोटो हलत नाही. मला हलणारा माणूस पाहिजे."

"नुसता हलणारा? बोलणारा चालेल?"

"कमी बोलणारा चालेल."

देवेश उभा राहिला. हेतलने मान त्याच्याकडे कलती केली, आणि हळद त्याच्या कानाला लोंबायला लागली. पुन्हा केलं तर हवेत तरंगली. तिसऱ्यांदा थेट मागच्या विजेच्या खांबाला लागली.

"खांबाचं जमलं म्हणायचं," देवेश गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"हसू नका. माझं सगळं ह्याच्यावर आहे," हेतल म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. मग काय करणार… त्या अनोळखी माणसाला तिने सगळं सांगून टाकलं.

तिचे बाबा काशीराम म्हणजे नेरे गावात मान असलेला माणूस. आरडाओरडा करायचा स्वभाव नाही, पण एकदा बोलले की बोलले. ते म्हणाले होते, "प्रणितच्या हलदीला चार मानसांत दाखव तुजा खेल. लोकांला आवडला तं तुजं काम खरं. नायतर मामाच्या ऑफिसान बसायचं." पनवेलच्या मामांच्या बांधकामाच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्चीही पुसून ठेवलेली होती. त्या खुर्चीची हेतलला स्वप्नात भीती वाटायची.

"मग उद्यापण येतो," देवेश म्हणाला. "हलणारा."

तो आला. परवाही आला. दुकानाचं मशीन बंद केलं की तो थेट तळ्यावर, हातांना शाईचा वास घेऊन. संध्याकाळचा वारा सुटलेला असायचा, हेतलचे केस कॅमेऱ्यापुढे यायचे, आणि देवेश ते बाजूला करायला हात उचलायचा… आणि अर्ध्यातच स्वतःचं डोकं खाजवायचा. इफेक्ट बिघडला की "हलू नकोस रे!" असं ओरडता ओरडता हेतलचं 'अहो' कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

खरी अडचण तिला एका संध्याकाळी सापडली.

"दोन चेहरे चिकटले की कॅमेरा गोंधळतो. कोणता कोणाचा, त्याला समजत नाही. मध्ये थोडं अंतर असतानाच हळद गेली पाहिजे."

"किती अंतर?"

हेतलने दोघांच्या गालांमध्ये बोट धरलं. "एवढं."

देवेशने श्वास रोखला. तिच्या बोटाची एक बाजू त्याच्या गालाला लागत होती, दुसरी तिच्या. फोनवर हळद सरसर वाहत गेली आणि त्याच्या गालावर नीट बसली. हललीसुद्धा नाही.

"जमलं," हेतल कुजबुजली.

"मग बोट काढ ना," देवेशही कुजबुजला.

"काढते…" पण ते निघायला जरा वेळच लागला. छातीत एवढं धडधडत होतं की तिला वाटलं, फोनमध्ये आवाज जातोय.

थोड्या वेळाने तळ्याच्या कठड्यावर शेंगा सोलत देवेशने विचारलं, "एक सांग. रोज तू आधी, मी नंतर. मुलीची उष्टी हळद मुलाला? आपल्यात आधी नवरा असतो."

हेतलने शेंग खाली ठेवली. "माझ्या ताईच्या, अंकिताच्या, लग्नात तिची हळद उरणहून यायची होती. रस्त्यात कंटेनरच्या गाड्यांची रांग. नवऱ्याकडची मंडळी अडकली. ती आल्याशिवाय हिला हळद नाही, आणि हळदीआधी जेवायचं नाही. सकाळपासून बिचारी पाटावर उपाशी. शेवटी चक्कर आली तिला… आणि सगळे म्हणत होते, येईल, येईल." तिने देवेशकडे बघितलं. "माझ्या इफेक्टमध्ये कोणी वाट बघत बसणार नाही. जो पुढे येईल त्याला आधी."

देवेश हसला नाही. "मग असंच ठेव. कोणी सांगितलं तरी बदलू नकोस." आणि जरा थांबून म्हणाला, "आणि माझं म्हणशील तर… मला उष्टीच चालते."

हा मुलगा आपल्याला आवडतो, हे हेतलने त्याच क्षणी स्वतःशी कबूल केलं. त्याच्याशी मात्र नाही.

हळदीच्या दिवशी नेऱ्याच्या अंगणात मांडव, डीजे आणि भला मोठा पडदा लागला. बॅनर देवेशने छापलेला, पडदाही त्यानेच जोडून दिलेला. प्रणितला खरी हळद लागली आणि मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर इफेक्ट सुरू झाला. पडद्यावर स्वतःचे पिवळे गाल बघून मामा-मामी खिदळले, आत्या लाजल्या, पोरं तर हटेनात. खुर्चीवर बसलेल्या काशीरामांची मान हळूहळू डोलायला लागली. ते बघून हेतलचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अंकिता नवऱ्याला घेऊन आली. ती पुढे, तो मागून. तिच्या गालावरची हळद त्याच्या गालावर गेली आणि टाळ्या पडल्या. पण लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या गुणाबाईंनी हात वर केला.

"काशीराम, ह्या उलटा हाय. बायकोची उष्टी हलद नवऱ्याला? आपल्यान असा नाय."

डीजे थांबला. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. काशीराम उठले.

"हेतल, बदल ह्या. पयला पुरुष, मंग बाई."

बदलणं अवघड नव्हतं. आणि मामांच्या ऑफिसातली ती खुर्ची अगदी डोळ्यांपुढे आली होती. हेतलने हात लॅपटॉपपासून मागे घेतले.

"नाय बदलनार, बाबा. ताई कशी बसलेली पाटावर, आठवतं ना तुमाला?"

काशीरामांनी नजर वळवली. "आठवतं. पन लोक काय बोलतील? बदलायचं नसंल तं बंद कर."

"काका," पडद्याजवळून आवाज आला. "बंद करायच्या आधी मी एकदा उभा राहू?"

देवेश पुढे आला आणि कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बाहेरच थांबला. पडदा रिकामा.

"ये ना रं पुढं!" कोणीतरी ओरडलं.

"मी नंतर," देवेश म्हणाला. बोलला सगळ्यांना, पण बघत होता हेतलकडे. "मला उष्टीच चालते. फक्त… हेतलची असेल तर."

दुसऱ्यांचे चेहरे रंगवणाऱ्या हेतलचा स्वतःचा चेहरा आता कानापर्यंत लाल झाला होता. आई बघत होती, बाबा बघत होते, अख्खं नेरे बघत होतं. तिने ओढणी कमरेला खोचली आणि चालत जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

तिच्या गालांवर हळद आली. मग देवेश आला… आणि बोटभर अंतरावर थांबला. पडद्यावर हळद वाहत गेली, त्याच्या गालावर बसली, हलली नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे काशीरामांकडे बघत होते. काशीराम अंकिताकडे. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. ते सावकाश चालत पुढे आले, देवेश जिथे थांबला होता नेमके तिथेच, चौकटीबाहेर, थांबले आणि हळदीची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे वळले.

"शकू, ये गं. तू हो पयली."

मग जो गलका उठला त्यात गुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि डीजेचा आवाजही कोणाला ऐकू येत नव्हता.

पडद्यामागे वायरींच्या गुंत्यात देवेशने हेतलला गाठलं. "खरी हळद कधी?"

"पावसाळ्याआधी," हेतलने क्षणभरही विचार केला नाही. "आणि चिरनेरहून हळद यायची वाट मी बघणार नाही, आधीच सांगते."

"मीच येऊन थांबतो इथे. बॅनर?"

"तूच छाप. पण ह्या वेळी खालच्या रांगेत बसू नकोस," ती म्हणाली, आणि आज मध्ये बोट न धरता तिने गाल त्याच्या गालाला टेकवला. "तुझी जागा वर आहे. माझ्या शेजारी."