पांढरेच राहिलेले मणी

शाल्मलीच्या मनगटावरचे मणी पांढरे होते. गावावरच्या काचेच्या घुमटातून येणारे ऊन त्यांच्यावर सकाळपासून पडत होते. प्रत्येक मण्याची तिळाएवढी सावलीसुद्धा हातावर दिसत होती. रंग मात्र बदलत नव्हता. हर्णैच्या मावसभावाने माळ पाठवताना बजावले होते, "उन्हात धर, जांभळे होतील."

"फसवलं गं मला त्यानं!" ती आईला म्हणाली.

आईचे लक्ष नव्हते. दीड वर्षाच्या ओजसला तेल चोळून ती रोजच्यासारखी त्याला कोवळ्या उन्हात लोळवत होती. ओजस अजून उभा राहत नव्हता. पाय बाहेरच्या बाजूला वाकले होते. डॉक्टरांनी कालच सांगितले होते, की हा मुडदूस (हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार) आहे. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी आहे. औषधाचे थेंब दिले होते.

"ऊन मिळत नाही म्हणे! तासभर उन्हातच तर असतो माझा लेक," आई पुटपुटली.

शाल्मलीचे आजोबा, आप्पा, यांनी हे ऐकून वर काचेकडे पाहिले. सोलापूरच्या माळावरच्या या गावाला धूळ आणि उन्हाळा सोसवेना, तेव्हा काचेचा हा घुमट त्यांनीच उभारला होता. वरची तावदाने उघडता येत, पण ती कधीच उघडली नव्हती. घुमटाची देखभाल करणाऱ्या मंदाताई "उघडू का?" असे विचारून थकल्या. आप्पांचे उत्तर ठरलेले, "बघू."

दुपारी आप्पा म्हणाले, "शालू, माळ घे. वेशीबाहेर जाऊ."

पौषातले ऊन छान होते. दार ओलांडून शाल्मलीने हात पुढे केला आणि ती ओरडलीच. मणी जांभळे झाले होते!

"तुझा मावसभाऊ खरा निघाला," आप्पा म्हणाले. "उन्हात अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्या रंगापलीकडचे किरण) असतात. त्यांनी मणी रंगले. माझी काच त्यांना आतच येऊ देत नाही. कातडी भाजू नये म्हणून तशीच केली होती. तिनं आपलं काम चोख केलं."

"पण ओजसचं काय बिघडलं त्यानं?"

"आपल्या कातडीत कच्चा माल असतो. यातल्याच काही किरणांनी त्याचं ड जीवनसत्त्व होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंडं त्याला कामाजोगं करतात. मग ते आतड्यात जाऊन रखवालदारासारखं फाटक उघडतं. दुधातलं कॅल्शियम (हाडं कणखर करणारं खनिज) त्या फाटकातून रक्तात जातं."

"म्हणजे दूध पोटात, पण फाटक बंद?"

"बरंचसं बंद. अंडी, मासे यांतून थोडं ड मिळतं, पण तेवढं पुरत नाही."

"मग सकाळचं कोवळं ऊन बाहेर दाखवलं तर?"

"तुझी सावली बघ."

सावली तिच्यापेक्षा आखूड होती.

"सकाळी ती लांबलचक असते. तेव्हा किरण तिरपे येतात, हवेतून जास्त अंतर कापतात आणि हवे असलेले किरण वाटेतच गळतात. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. तेही थोडा वेळ, कातडी लाल होईपर्यंत नाही."

"ओजसचे पाय सरळ होतील ना, आप्पा?"

"हाडं लहान आहेत. थेंब नेमानं दिले, तर बहुधा होतील. पण या घुमटात दुसरीही बाळं आहेत."

ती दोघे आत परतली. दारातच आई ओजसला कडेवर घेऊन उभी होती. सगळे ऐकून ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी ऊन काचेला दाखवलं, लेकाला नाहीच!"

तेवढ्यात मंदाताई आल्या. "आप्पा, तावदानांचं काय करायचं?"

"बघू म्हणतील," शाल्मली हळूच म्हणाली.

आप्पांना तावदानांतून येणारी धूळ आठवली. मग त्यांनी शाल्मलीचे मनगट हातात घेतले. काचेखाली मणी पुन्हा फिके पडत चालले होते. ओजस वाकडे पाय हलवत त्यांच्याकडे झेपावत होता.

"मंदाताई," आप्पा म्हणाले, "उद्या सावल्या आखूड झाल्या की तावदानं उघडा."