खालच्या फळीवरची ताटं

ड्रमचं झाकण कोणी उघडायचं, यावरून तिघांचं भांडण चाललं होतं. अजिंक्यचं म्हणणं, कल्पना अपेक्षाची, तेव्हा झाकणही तिनंच उघडावं. मोनिकानं आधीच ओढणीनं नाक बांधलं होतं आणि ती भिंतीपर्यंत मागे सरकली होती. शेवटी अपेक्षानंच दोन्ही हातांनी ते निळं झाकण ओढून काढलं.

आत भात होता. पांढराशुभ्र, मोकळा, पातेल्यातून जसाच्या तसा उपडा केलेला. त्यावर वांग्याची भाजी आणि बाजूला चपात्यांची चवड.

"वास येत नाही फारसा," मोनिका ओढणीतून म्हणाली.

"कालचंच आहे ना. रविवारचं जेवण," अजिंक्य म्हणाला. "आजीची वांगी बघ कशी पडलीत. तिनं बघितलं तर वसतिगृहाच्या सरांना घरी जाऊन ऐकवील."

अपेक्षा ड्रममध्ये निरखून बघत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती रुपालीमावशीकडे राहायला आली होती. निघोजे गावाच्या पुढे, कंपन्यांची रांग संपते तिथे हे नवं विद्यापीठ होतं आणि मावशी त्याच्या वसतिगृहाची मेस सांभाळायची. मोनिकाची आई तिथे स्वयंपाकाला होती. बीडकडचं ते कुटुंब मेसच्या मागच्याच खोल्यांत राहायचं. अजिंक्य निघोज्याचा. त्याची आजी छबूबाई आणि तिच्यासोबतच्या बायका मेसला भाजी द्यायच्या, आजोबा सोपानराव वसतिगृहाच्या फाटकावर रात्रपाळीचे पहारेकरी होते.

शेतातली भाजी सकाळी तोडायची आणि दुपारी ताटात वाढायची, ही मावशीची पद्धत. जवळून घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, टाकायचं नाही. गेली दोन वर्षं ती सुरळीत चालली होती. या सहामाहीत मात्र ड्रम भरायला लागले. आज सकाळीच वसतिगृहाचे प्रमुख शेखर सर येऊन ड्रमांकडे लांबूनच बघून गेले होते. मुलांना ही गावची भाजी आवडत नाही, हे आता उघड आहे, असं ते म्हणाले. पुढच्या सोमवारी ते एका ठेकेदाराला घेऊन येणार होते. त्याचं जेवण शहरातून तयार होऊन डब्यांत यायचं. मग इथे चूल पेटवायची गरज नाही, आणि मावशीचीही नाही.

मावशीनं ते मान खाली घालून ऐकलं. नंतर भाजी निवडता निवडता ती अपेक्षाला म्हणाली, की तसं झालं तर सोलापूरला परत जावं लागेल.

अपेक्षाची आई पावसाळ्यात गेली. तेव्हापासून संत तुकाराम नगरच्या घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबांची शिफ्ट असली की ती एकटीच. मावशी पाठमोरी उभी राहिली की अगदी आईसारखी दिसायची. ही गोष्ट अपेक्षानं कुणाला सांगितली नव्हती. सोलापूर किती लांब आहे, ते तिला माहीत होतं.

"हे उष्टं नाहीये," ती एकदम म्हणाली.

"म्हणजे?" अजिंक्यनं विचारलं.

"नीट बघ. अर्धी खाल्लेली चपाती आहे का? मिरचीचं देठ? पिळलेलं लिंबू? हे कुणाच्या ताटात गेलेलंच नाही. भाजी चाखलीच नसेल, तर आवडली नाही असं कसं म्हणायचं?"

अजिंक्य ड्रममध्ये वाकून बघत राहिला. मोनिकानंही ओढणी सोडली आणि पुढे आली.

"मग जेवणारेच कमी आलेत," ती म्हणाली. "पण आई तर ताटं बघूनच तांदूळ धुती."

ताटांची ही रीत मावशीनंच घालून दिली होती. मेसच्या दाराशी लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर प्रत्येक मुलाचं स्वतःचं स्टीलचं ताट. ज्याला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायचं नसेल, त्यानं रात्री आपलं ताट पालथं घालून जायचं. सकाळी स्वयंपाकाच्या बायका उताणी ताटं मोजायच्या आणि तेवढ्यांचाच स्वयंपाक करायच्या. तिघं जाऊन बघून आली. सगळी ताटं उताणी होती. अपेक्षानं मावशीला विचारलं, तर ती म्हणाली की यंदाची मुलं बेफिकीर आहेत, एकही ताट पालथं घालत नाहीत.

त्या दिवसापासून तिघं रोज ड्रम बघायला लागली. मोनिकाची आई तिला विचारायची, की घाणीत काय करायलीस दिवसभर. मंगळवारी ड्रम भरलेला. बुधवारीही. गुरुवारच्या जेवणानंतर मात्र तळाशी फक्त उष्टं आणि सालं.

"गुरुवारी काय वेगळं होतं?" अपेक्षानं विचारलं. "भाजी तर तीच होती. वांगीच."

अजिंक्यनं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं सूर्य कुठे उगवतो ते विचारलंय. "गुरुवारी कंपन्या बंद असतात. आमच्या काकाला सुट्टी गुरुवारीच. तुझ्या बाबांना नसते का?"

असते. अपेक्षाला हे कसं सुचलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सगळ्या जगाची सुट्टी रविवारी, पण या पट्ट्यातली गुरुवारी. गुरुवारी बाबा घरी असायचे आणि ती शाळेत.

"म्हणजे जेवायला न येणारी पोरं कंपनीत जातात," ती सावकाश म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं फाटकाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली. कंपनीची बस आली आणि तिच्यातून निळे शर्ट घातलेली मुलं उतरली. वसतिगृहातली जवळपास अर्धी मुलं. त्यांतला सुजित अजिंक्यच्या ओळखीचा होता, क्रिकेट खेळायला यायचा. त्यानं सांगितलं, की या सहामाहीपासून त्यांना कंपनीत काम शिकायला पाठवतात. बस पहाटे निघते, दुपारचं जेवण तिकडच्याच कँटीनला.

"मग ताट पालथं का नाही घालत, भावा?" अजिंक्यनं विचारलं.

"रोज घालतो की. आम्ही सगळेच घालतो."

"खोटं."

"ये मग जेवणानंतर. डोळ्यांनी बघ."

तिघांनी डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री जेवणं झाली तेव्हा मांडणीवर अर्धीअधिक ताटं पालथी होती. म्हणजे रात्री पालथी आणि सकाळी उताणी. मधे कुणाचा तरी हात फिरत होता.

"भूत," मोनिका म्हणाली.

"भुताला भांड्यांशी काय करायचंय?" अजिंक्य म्हणाला. "तुझ्या आईचंच काम असंल. जास्त रांधायची हौस."

मोनिकानं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो पुढचा विनोद विसरला.

शनिवारी पहाटे, बस जाऊन थोडाच वेळ झाला होता. स्वयंपाकाच्या बायका अजून यायच्या होत्या. तिघं मेसमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे लपून बसली. खिडकीतून फिकट उजेड यायला लागला होता. लांब कुठल्यातरी कंपनीचा भोंगा वाजला. मग चपलांचा आवाज आला.

आत आले ते सोपानराव. हातात काठी, खांद्यावर टॉवेल. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. मांडणीवरचं पहिलं पालथं ताट उचललं, टॉवेलनं पुसलं आणि उताणं ठेवलं. मग दुसरं. घाई नव्हती, चोरीही नव्हती. प्रत्येक ताट ते दोन्ही हातांनी उचलत होते.

अजिंक्य उठायला लागला. अपेक्षानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

तिच्या घरी ओट्यावरच्या स्टँडमध्ये तीन ताटं होती. जेवायला दोनच निघायची. तिसरं बाबा रोज पुसून परत जागेवर ठेवायचे, आणि ती दुसरीकडे बघायची. त्याविषयी दोघं कधीच बोलली नव्हती. सोपानरावांचे हात बघताना तिला ते सगळं आठवलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

ती पोत्यांमागून बाहेर आली. "आजोबा, ही ताटं उताणी का करता?"

सोपानराव दचकले. मागून आपला नातू येताना दिसला, तेव्हा ओशाळल्यासारखे हसले.

"व्हय, म्याच करतो. आमच्यात जित्या माणसाचं ताट पालथं घालत न्हाईत, पोरी. ही पोरं यंत्रावर कामाला जात्यात. त्यांच्या आयांनी बघितलं तर काय वाटंल?"

"पण आजोबा, त्याच्यामुळं..." अजिंक्य सुरू झाला आणि थांबला. पुढचं अपेक्षानं सांगितलं. ताटं बघून भात होतो, भात टाकला जातो, आणि दोष छबूआजीच्या वांग्यांवर येतो. सोमवारी ठेकेदार येणार आहे.

सोपानराव पोत्यावर बसले.

"माझ्या हातानं," ते एवढंच म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आता न्हाई लावत हात. पर पालथं ताट बघून जीव थाऱ्यावर राहत न्हाई माझा."

"पालथं घालायचंच नाही," अपेक्षा म्हणाली. ते तिला तेवढ्यात सुचलं होतं. "मांडणीच्या दोन फळ्या करू. जेवणाऱ्यांची वरच्या फळीवर, ड्युटीवाल्यांची खालच्या. सगळी उताणी."

त्या रात्री तिघं मांडणीशी उभी राहिली आणि प्रत्येक मुलाला फळी दाखवत होती. अजिंक्य कंडक्टरसारखा ओरडत होता, "वर जेवण, खाली ड्युटी, पुढे सरका." सोपानराव दारातून बघून गेले. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

पण रविवारी सकाळी मावशीच बिचकली. रविवार म्हणजे गोडाचं जेवण. वरच्या फळीवर इतकी थोडी ताटं बघून तिनं तांदळाचं माप हातात धरलं आणि तशीच उभी राहिली. अपेक्षानं तिला सोपानरावांचं नाव सांगितलं नव्हतं. फक्त वरची फळी बघ, एवढंच म्हणाली होती.

"आणि कमी पडलं तर? सणासुदीचं पोरं उपाशी उठतील."

"कमी पडलं तर माझं ताट वाढू नकोस."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग माप पोत्यात परत टाकलं आणि निम्मेच तांदूळ धुवायला दिले.

दुपारी अपेक्षा भाताच्या पातेल्याजवळून हलली नाही. पंगत बसली, उठली. दुसरी बसली. भाताच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला, तरी दारातून एकेक जण येतच होता. मोनिका आईच्या मागे उभी राहून येणारे मोजत होती आणि मधेच चुकून पुन्हा सुरुवात करत होती. शेवटचा मुलगा वाढून घेऊन गेला, तेव्हा स्वयंपाकाच्या बायकांपुरता, तिघांपुरता आणि मावशीपुरता भात उरला होता. मोनिकाच्या आईनं डाव आपटून खरवड काढली आणि ती तिघांच्या ताटांत सारखी वाटली.

सोमवारी शेखर सर ठेकेदाराला घेऊन आले. अजिंक्यनं पुढे होऊन ड्रमचं झाकण उघडलं. तळाशी लिंबाच्या साली होत्या आणि चहाचा चोथा. सरांनी विचारलं, बाकीचं कुठे टाकलं?

"बाकीचं पोटात गेलं, सर," मोनिका म्हणाली.

मग अपेक्षानं सांगितलं. न खाल्लेला भात, गुरुवार, कंपनीची बस, दोन फळ्या. सरांनीच मुलांना कंपनीत पाठवायच्या कागदावर सही केली होती, पण त्यामुळे दुपारी जेवणारे निम्मे होतील हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. रात्री पालथी घातलेली ताटं सकाळी उताणी कोण करत होतं, असं त्यांनी विचारलं. अजिंक्य आपल्या चपलांकडे बघत होता.

"म्या करत हुतो, साहेब," दारातून सोपानराव म्हणाले. "पोरांना इचारू नका."

छबूबाई भाजीची पाटी उतरवत होती. तिनं आधी पाटी खाली ठेवली, मग नवऱ्याकडे वळली. "व्हय का? घरी तर कधी ताट उचललं न्हाई."

ठेकेदारालासुद्धा हसू आवरलं नाही. शेखर सर मात्र हसले नाहीत. ते मांडणीपाशी जाऊन दोन्ही फळ्या बघत उभे राहिले. मग मावशीकडे वळून म्हणाले, की त्यांनी लांबून बघून ठरवलं, आत येऊन एकदा विचारायला हवं होतं. मेस इथेच चालेल आणि भाजी निघोज्याचीच येईल. कंपनीची बस कोणत्या दिवशी कोणाला नेते, ते आता ते स्वतः आधी कळवतील. त्यांनी तिघांची पाठ थोपटली. छबूबाईनं तिघांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मोनिकाची आई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली.

दुपार झाली. मोनिका आईबरोबर गेली, अजिंक्य आजीच्या टेम्पोत बसून गेला. मेस रिकामी झाली. अपेक्षा मागच्या पायरीवर जाऊन बसली. एवढी शाबासकी मिळाली होती, आणि तिला ती कुठे ठेवावी कळत नव्हतं. शाळेत काही झालं की दारातच दप्तर टाकून सांगायची तिला सवय होती.

मावशी भांडी आवरून बाहेर आली, पदराला हात पुसत शेजारी बसली.

"ताई हवी होती आज," मावशी म्हणाली. सबंध सुट्टीत ती पहिल्यांदाच आईविषयी बोलली.

अपेक्षानं मान हलवली.

"मला सांगतेस? तिला सांगितलं असतंस तसं. सगळं. मी तर निम्मंच ऐकलंय."

अपेक्षानं गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. ती म्हणाली, "आधी ना, झाकण कोणी उघडायचं यावरून आमचं भांडण झालं."

"मग?" मावशीनं विचारलं, अगदी आईसारखंच.