जित्याचं पान

पानावर भाताची मूद ठेवताना रुखमाबाईच्या हातून अर्धी मूद पानाबाहेर सांडली. सात वर्षं ती पितृपक्षातल्या दशमीला हे पान वाढत आली होती... खीर, वडे, कढी, लाल भोपळ्याची भाजी. दरवर्षी डोळे गाळत वाढायची. कारण ज्याच्या नावानं ते कावळ्यासाठी छपराच्या कवेलूवर जायचं, तो तिचा लहानू या जगात आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. आज ते लेकरू जिवंत होतं, याच नागपुरात होतं, आणि तासाभरात याच गल्लीतून जाणार होतं.

"अरुंधतीची माय, झालं का वं? वेळ चालली," ओलेत्यानं उभे असलेले रुपराव अंगणातून म्हणाले.

"आणते," ती म्हणाली, पण सांडलेला भातच शीत शीत वेचत बसली. जित्या लेकराच्या नावानं पितरांचं पान ठेवायचं... आणि ठेवणार कोण, तर जन्मदाता बाप! देवा नारायणा, याचं पाप कोणाच्या माथी?

रुपराव विणकर होते. दिवसभर हातमागावर लुगडी विणायची आणि एकादशीला राममंदिरात कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा नेम. गळा असा, की नमनालाच बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी यावं. गोकुळाष्टमीच्या काल्याला ते लहानूला स्वतःच्या हातांनी गौळण करत. स्वतः विणलेलं लहानसं लुगडं, कपाळाला कुंकू, डोक्यावर मडकं... "बुवांची गौळण आली," म्हणत सारं मंदिर त्या पोरावरून जीव ओवाळून टाकायचं. पण सोळाव्या वर्षी काला झाला, प्रसाद वाटला, दिवे लागले, तरी लहानूनं लुगडं सोडलं नाही.

"मले असंच राहू द्या, बाबा. मी अशीच हाये," एवढंच तो म्हणाला होता.

मागाची काठी रुपरावांच्या हातात कशी आली, किती वेळा पडली, त्याचा उच्चार त्या घरात पुन्हा कधी झाला नाही. सकाळी लहानू घरात नव्हता. सांजेला कन्हान नदीच्या काठावर त्याचा सदरा-पायजमा सापडला, नीट घडी घातलेला... आणि नदी दोन्ही थड्या भरून चाललेली. देह हाती आला नाही. बारा वर्षं वाट पाहावी असं गुरुजी म्हणाले, पण रुपरावांना बारा दिवस धरवले नाहीत. त्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि गल्लीला सांगितलं, "आंघोळीले गेला, पाय घसरला." रुखमाबाई तेव्हाही गप्प राहिली. जी बाई त्या काठीपुढे आडवी पडली नाही, तिनं मग कोणत्या तोंडानं बोलावं?

आणि चार दिवसांपूर्वी कन्हानची कासारीण पार्वतीबाई बांगड्यांची पेटी घेऊन आली. "जरा दार लोटून घ्या, रुखमाबाई," असं म्हणून तिनं रुखमाबाईचा हात घट्ट धरला.

"लेकरू तुमचं जित्तं हाये. पोराचे कपडे त्यानं नदीकाठी उतरवून ठेवले, लुगडं नेसलं, अन् पलीकडच्या अंजनाबाईच्या हिजड्यांच्या डेऱ्यात जाऊन राहिलं. आता गोपिका म्हणतात तिले. त्या मंडळींचं संमेलन भरून राहिलं ना नागपुरात, देशादेशाचे हिजडे आले... दशमीले मिरवणूक हाये, याच गल्लीतून. कलश हिच्याच डोक्यावर राहीन. तिनं सांगतलं, मी मान वर करत नाही, कोणाले ओळख देत नाही. माय घडीभर दारात उभी राहिली तर मले पुरे. पण बाबांले सांगू नोको म्हणे."

रुखमाबाईनं हे चार दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. आनंद झाला म्हणावं, तर त्या आनंदाचीच तिला भीती वाटत होती. धाकट्या अरुंधतीचं लग्न पारशिवनीला ठरत आलं होतं, दसऱ्यानंतर सुपारी फुटायची होती. समोरच राहणारे मंदिराचे पंच नत्थूजी दिवसभर ओट्यावर बसून असायचे. गल्लीतल्या टवाळ पोरांनी मिरवणुकीवर दगड मारले तर? बापानं ओळखलं तर? ती काठी अजून मागाला टेकून उभीच होती...

तिनं पान आणून दिलं. रुपरावांनी शिडीवर चढून ते कवेलूवर ठेवलं आणि खाली येऊन हात जोडले.

कावळा येईना. लांबून ढोलाचा आवाज यायला लागला होता आणि त्या आवाजानं पाखरं पिंपळ सोडून भिर्रकन उठत होती. घटका गेली, दुसरी गेली. अकरावीतली अरुंधती भिंतीला टेकून, सुकल्या तोंडानं वर पाहत होती. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही, अशी रीत.

"काय राह्यलं रे, बापू, तुह्या मनात?" रुपराव कवेलूकडे बघत म्हणाले. अडलेल्या पितरांपुढे बोलून दाखवतात तसं ते एकेक बोलू लागले. "अरुंधतीचं चांगल्या घरी करून देईन. तुह्या मायले अंतर देणार नाही..."

कावळा नाही. ढोल मात्र जवळ आला.

"शेजारणी येऊन राहिल्या पाहाले, मिरवणूक आली वाटते," अरुंधती हळूच म्हणाली.

"येऊ दे." रुपरावांचा गळा, ज्यानं भरल्या मंडपात कधी दगा दिला नव्हता, तो आता फाटला. "लहानू... पाय नव्हता घसरला रे. मी मारलं तुले. मीच गौळण केलं, मीच नटवलं, अन् मीच गुरावानी मारलं. सात वर्षं लोकांले देव सांगून राहिलो अन् घरात खोटं धरून बसलो. मले क्षमा नोको करू... पण जेव, बापू. उपाशी नोको राहू."

रुखमाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. हा माणूस सात वर्षं हे उरावर घेऊन मागावर बसत होता, आणि आपल्याला वाटलं त्याचं काळीज दगडाचं आहे...

तेवढ्यात कावळा आला. कवेलूवर उतरला, मान तिरपी केली, एक उडी मारून पानाकडे सरकला. रुपरावांचे डोळे मिटलेले होते, ओठांवर नाम होतं. आणि रुखमाबाईनं कोपऱ्यातली बोर झोडायची लांब काठी उचलून कवेलूवर आपटली.

"हाड! हाड, मेल्या!"

कावळा उडाला. पान घरंगळून अंगणात पडलं, खीर मातीत गेली.

"वेड लागलं का वं तुले? काहून हाकलला?"

"जित्याचं पान हाये ते," ती म्हणाली आणि तिथेच मटकन खाली बसली. "जित्तं हाये लेकरू आपलं. ते पाहा, ढोल वाजते... त्याच्यातच येऊन राहिलं. त्याले काही करू नोका तुमी. पायजे तर मले मारा. मी आडवी नाही पडली तवा, आता पडते."

कासारणीचं सारं बोलणं तिनं रडत रडत सांगितलं. रुपराव ऐकत राहिले. मग ते घरात गेले, आणि मागापाशी काहीतरी खडखडलं. रुखमाबाई उठून दारापुढे उभी राहिली. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मागाच्या त्या काठीचे दोन तुकडे होते. ते त्यांनी तिला दाखवले आणि परत आत जाऊन चुलीत सारले.

गल्लीत झेंडूच्या माळा, जरीचे पदर, टाळ्यांचा गजर शिरला होता. दारादारांतून बाया हसत होत्या, कोणी पदर पसरून आशीर्वाद मागत होत्या, पोरं चिडवत पळत होती. सर्वांच्या पुढे, डोक्यावर तांब्याचा कलश दोन्ही हातांनी धरून, मान खाली घातलेली एक उंच, सावळी, हिरव्या लुगड्यातली... रुखमाबाईनं दाराची चौकट धरली. चाल तीच. काल्याच्या दिवशी मडकं घेऊन चालायची तीच.

रुपराव ओट्यावरून उतरले आणि मिरवणुकीच्या मधोमध उभे राहिले. ढोल थांबला. गोपिकानं मान वर केली आणि ती एक पाऊल मागे सरली. कलशातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं.

"मी चालली, बाबा. थांबत नाही," ती कशीबशी म्हणाली. "माय, मी तुले भेव दाखवाले नाही आली वं."

पांढऱ्या केसांच्या अंजनाबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. "काय पाहिजे, बुवा? मारणार असाल तर पहिले मले."

"रुपरावजी, घरात व्हा," नत्थूजी ओट्यावरून ओरडले. "उद्या एकादशी हाये. कीर्तन करा लागते तुमाले."

रुपरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "नत्थूजी, जितेपणी ज्याची क्रिया झाली, तो परत आला तर शास्त्र काय म्हणते? मीच सांगतलं होतं कीर्तनात."

"नवा जन्म धरावा, नाव नव्यानं ठेवावं म्हणते. पण ते काही याच्यासाठी..."

"याच्यासाठीच हाये. कीर्तनाले दुसरा बुवा पाहून घ्या. मले आज बारसं हाये." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मध आन वं. अन् तूप."

"पितृपक्ष हाये हो," रुखमाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"जन्माले पक्ष नसते."

तिला मधाची बाटली सापडेना. सापडली तर बूच निघेना. शेवटी अरुंधतीनंच वाटी भरून आणली आणि घाबरत घाबरत, अनोळखी वाटणाऱ्या त्या आपल्या माणसाकडे एकटक बघत बापाच्या हातात दिली.

"काय नाव ठेवलं तुमी?" रुपरावांनी अंजनाबाईंना विचारलं.

"गोपिका."

"चांगलं हाये."

मध-तुपात बुडवलेलं बोट त्यांनी लेकराच्या ओठांना लावलं. कलश खाली टेकवायचा नाही असा नेम. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून डोळे पुसायलाही गोपिकाजवळ हात नव्हता. ते रुखमाबाईनं आपल्या पदरानं पुसले, पुन्हा पुसले, पण पाणी थांबेना. बापाहून वीतभर उंच झालेली ती हळूच गुडघ्यात वाकली, तेव्हा रुपराव तिच्या कानाशी लागून काही पुटपुटले. मग गल्लीकडे तोंड करून, कीर्तनाच्या त्याच भरल्या गळ्यानं म्हणाले, "माह्या लेकीचं नाव गोपिका."

नत्थूजींचं दार धाडकन लागलं. आणखीही एकदोन लागली. पारशिवनीचं आता काय होईल, हे रुखमाबाईला त्या आवाजातच कळलं आणि तिनं भीतीनं अरुंधतीकडे पाहिलं. अरुंधती बहिणीच्या पायांवर पाणी घालत होती.

"कलश पोचवून येऊ, माय?" गोपिकानं विचारलं. "येऊ ना?"

"ये," रुखमाबाई म्हणाली. "सकाळचं काही खाऊ घालणार नाही तुले. नवा भात टाकते."

ढोल पुन्हा वाजला. मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत रुपराव रस्त्यातच उभे होते. रुखमाबाई आत गेली, श्राद्धाचा सारा स्वयंपाक तिनं बाजूला सारला, आणि जळत्या चुलीवर चौघांच्या भाताचं आधण ठेवलं.